सहा टॅब, एक डबी आणि ‘ळ’

मागच्या शिक्षण परिषदेत चहाच्या वेळी तिघांनी मला वेगवेगळं गाठून एकच प्रश्न विचारला, “मॅडम, टॅब कुठल्या फंडातून?” उभ्याउभ्या जेवढं सांगता आलं तेवढं सांगितलं. पण त्यात कागदपत्रं राहिली, आणि टॅब आल्यावर काय झालं तेही राहिलं. म्हणून सगळं इथे लिहून काढते.

आमची शाळा धुळे जिल्ह्यात. पहिली ते चौथी, शिक्षक दोन, पट ४७. मी मूळची सांगली जिल्ह्यातली, इथे आठवं वर्ष. गाव अहिराणी बोलतं. मोबाइलला रेंज येते ती मारुतीच्या पारावर, शाळेत नाही. पाठ्यपुस्तकांत क्यूआर कोड आहेत, ‘दीक्षा’ हे सरकारी अभ्यासाचं ॲप २०१७ पासून आहे. हे कोड ज्यांच्या खटपटीतून पुस्तकांत आले त्या परितेवाडीच्या डिसले गुरुजींना २०२० साली ग्लोबल टीचर प्राइज मिळालं तेव्हा आम्हीही शाळेत पेढे वाटले होते. पण आमच्या वर्गात कोड स्कॅन केला की नुसतं गोल चक्र फिरायचं. मुलांनी त्याला नाव ठेवलं होतं भवरा.

जुलै २०२३ मध्ये तिसरी-चौथीच्या २३ मुलांचं वाचन तपासलं. अक्षर, शब्द, परिच्छेद, गोष्ट, आपली नेहमीचीच पद्धत. परिच्छेदापर्यंत पोचलेली मुलं नऊ. एका खोलीत दोन वर्ग घेताना एकेका मुलाजवळ बसून त्याचं वाचन ऐकायचं म्हटलं तर आठवड्यातून एकदा पाळी येते, तीसुद्धा कुठलं तातडीचं ऑनलाइन माहिती भरण्याचं काम आलं नाही तर. वाचून घेणारं कुणीतरी हवं होतं. मला यंत्राची हौस नव्हती, हात कमी पडत होते.

शनिवारी, २२ जुलैला शाळा व्यवस्थापन समितीची सभा घेतली. एका आईने पहिलाच प्रश्न टाकला, “घर बी मोबाईल, आते शाळामा बी?” खरं सांगते, माझ्याकडे चांगलं उत्तर नव्हतं. मी म्हटलं, दिवसाला वीस मिनिटं, माझ्यासमोर, आणि टॅब घरी जाणार नाही. हे वाक्य तिने जसंच्या तसं ठरावात लिहून घेतलं. पुढे दोनदा कामाला आलं, एकदा तर माझ्याच विरोधात.

आता पैशाचं. संयुक्त शाळा अनुदान आमच्या पटाला वर्षाला २५,००० मंजूर असतं, पण ते टप्प्याटप्प्याने, उशिरा येतं. त्यातूनच वीजबिल, खडू, रजिस्टरं, नळाची तोटी, शिवाय दहा टक्के स्वच्छतेवर. टॅबचं नावही काढू नये. उरली ग्रामपंचायत. १५ ऑगस्टच्या ग्रामसभेत विषय मांडला तर टाळ्या पडल्या आणि ग्रामसेवकांनी हळूच सांगितलं, “मॅडम, यंदाच्या आराखड्यात नाही. आराखड्यात नाही ते होत नाही.”

ज्यांना हा रस्ता धरायचा आहे त्यांनी इथे जरा थांबा. पंधराव्या वित्त आयोगाच्या, म्हणजे केंद्राकडून ग्रामपंचायतीला येणाऱ्या, निधीत (२०२१ ते २०२६) साठ टक्के बंधित होता, म्हणजे फक्त पाणी आणि स्वच्छतेसाठी. शाळेच्या वस्तूंसाठी उरलेल्या चाळीस टक्के अबंधित निधीकडे बघावं लागायचं. आणि पुढच्या वर्षाचा आराखडा आदल्या वर्षीच्या हिवाळ्यात ठरतो. म्हणजे ऑगस्टमध्ये भाषण करून उपयोग नाही, ऑक्टोबर ते जानेवारी ग्रामपंचायतीचा उंबरा झिजवायचा. मी २ ऑक्टोबरच्या ग्रामसभेला अर्ज, समितीच्या ठरावाची प्रत, शाळेचा यूडायस (सरकारी ओळख) क्रमांक, पटाचा दाखला असं सगळं दोन प्रतींत घेऊन गेले. दुसऱ्या प्रतीवर पोच घेतली. ती पोच नसती तर आज हे लिहीत बसले नसते, कारण मूळ अर्ज डिसेंबरमध्ये सापडेना.

अडचण वेगळ्याच ठिकाणी आली. शेजारच्या गावच्या शाळेत भिंतीएवढा इंटरॅक्टिव्ह पॅनेल लागला होता आणि सरपंचांना तोच हवा होता. “मॅडम, सहा पाट्या घेऊन काय दिसणारे? मोठं काहीतरी घ्या, फोटोत येतं.” त्यांचंही बरोबर होतं, गावाच्या पैशाने घेतलेली वस्तू गावाला दिसावी. पण पॅनेलसमोर वीस मुलं बसतात आणि पुढची तीन बोलतात, हे मी दुसऱ्या शाळेत डोळ्यांनी पाहिलेलं. मागची मुलं तिथेही मागेच होती. शेवटी मी त्यांच्याच नातीला समोर बसवून परिच्छेद वाचायला दिला. हे थोडं कपटी होतं, कबूल आहे. जानेवारी २०२४ मध्ये सहा टॅब आराखड्यात गेले.

तोवर रिकामं बसवेना. ‘कोलिब्री’ नावाचं एक फुकट सॉफ्टवेअर आहे. धडे, चित्रफिती, सराव एकदा इंटरनेटवरून उतरवून घेतले की पुढे इंटरनेट लागत नाही, जवळची यंत्रं वायफायने त्या एका यंत्राला जोडून घ्यायची. ‘प्रथम’चं मराठी साहित्यही त्यात मिळतं. मी ते आधी माझ्या जुन्या लॅपटॉपवर घातलं. मग जानेवारीत रास्पबेरी पाय हा तळहाताएवढा संगणक मागवला. बोर्ड ५,८००, १२८ जीबीचं कार्ड १,०५०, पंख्यासकट डबी ६००, चार्जर ७५०. खिशातले गेले आणि त्याची पावती कुठेही लावता येत नाही, हे आधीच सांगून ठेवते. धुळ्यात मावसभावाच्या घरी रात्रभर डाउनलोड लावून साठेक जीबी भरून आणलं. ती डबी कपाटावर ठेवली आणि मुलांचं तिच्याकडे बघणं सुरू झालं.

चालवायला काय होतं? माझा जुना फोन, मुख्याध्यापक सरांचा त्याहून जुना फोन, आणि तो लॅपटॉप. तीन यंत्रं, सत्तेचाळीस मुलं. पण चूक काढायला एवढं पुरलं. पहिल्या आठवड्यानंतर अहवाल उघडला तर मंगळवारी केलेला सराव शुक्रवारच्या तारखेला दिसला, बुधवारचाही शुक्रवारीच. सगळी शाळा शुक्रवारात अडकली होती. मला वाटलं मुलांनी काहीतरी दाबलं. दोन संध्याकाळी डोकं खाजवल्यावर कळलं की त्या बोर्डात बॅटरीवर चालणारं घड्याळच नसतं. इंटरनेट असलं की तो वेळ विचारून घेतो, नसलं की बंद पडताना जी वेळ होती तिथूनच पुढे मोजायला लागतो. घड्याळाचं छोटं मॉड्यूल अडीचशे रुपयांना मिळतं, ते बसवलं. एकूण हिशोब ८,४५०. दुसरं, वीज अचानक गेली की कार्ड खराब होतं. आमचं मार्चमध्ये झालं आणि मावसभावाकडे पुन्हा एक रात्र काढावी लागली. आता मध्ये पॉवर बँक आहे, आणि भरलेल्या कार्डाची एक नक्कल काड्यापेटीत घालून कपाटात ठेवलेली आहे. तुम्ही पहिल्याच दिवशी नक्कल करा.

खात्यांबद्दल एक. मुलांची नावं घातलेली नाहीत, फक्त इयत्ता आणि हजेरी क्रमांक. २०२३ च्या विदा (डेटा) संरक्षण कायद्यात अठराच्या आतलं प्रत्येक जण बालक आहे आणि पालकांची संमती लागते, एवढं मला समजलं होतं. समितीच्या सभेत प्रत्येक पालकाची सही घेतली. ज्या दोघांनी नको म्हटलं त्यांची मुलं त्या वेळात गोष्टीची पुस्तकं वाचतात. (त्यातला एक वर्गात सगळ्यात चांगला वाचतो. असो.)

एप्रिलपासून निधी उपलब्ध होणार होता आणि १६ मार्चला लोकसभेची आचारसंहिता लागली. खरेदी बंद. ती ६ जूनला उठली तर नाशिक विभागात शिक्षक मतदारसंघाची निवडणूक, म्हणजे इथे आचारसंहिता चालूच. आम्ही प्राथमिकवाले त्या निवडणुकीत मतदारसुद्धा नसतो, पण थांबायला आम्हीही होतोच. जुलै उजाडला आणि लाडकी बहीण योजनेचे अर्ज सुरू झाले, ग्रामपंचायतीसमोर आधार कार्डं घेऊन रांग. त्या रांगेत माझ्या मुलांच्या आया होत्या, तिथे टॅबची फाइल पुढे सरकवा असं म्हणायला जीभ रेटली नाही. मी रोज शाळा सुटल्यावर फक्त पाच मिनिटं जाऊन बसायचे, काही न बोलता. ग्रामसेवक एके दिवशी म्हणाले, “मॅडम, तुम्ही बोललात तर बरं वाटेल.” त्याच आठवड्यात जेम या सरकारी खरेदीच्या पोर्टलवर मागणी गेली.

बुधवारी, २८ ऑगस्ट २०२४ ला ग्रामपंचायतीचा शिपाई मोटारसायकलच्या टाकीवर खोकं ठेवून आला. सहा टॅब, प्रत्येकी ९,८००, कव्हरं ४५० ची, एकूण ६१,५००. दीड महिना उशीर झाला असता तर १५ ऑक्टोबरला विधानसभेची आचारसंहिता लागून पुन्हा सगळं गोठलं असतं. टॅब हातात आले की आनंदात विसरू नका. ग्रामपंचायतीकडून हस्तांतरणाचं पत्र घ्या, त्यावर प्रत्येक टॅबचा आयएमईआय किंवा सीरियल नंबर असू द्या, आणि त्याच दिवशी जडवस्तू नोंदवहीत चढवा. नोव्हेंबरमध्ये एका टॅबची काच फुटली तेव्हा तो शाळेचा की ग्रामपंचायतीचा यावर आठवडा गेला असता. पत्र होतं म्हणून शाळेचा ठरला. शाळेचा ठरला म्हणून दुरुस्तीचे २,३०० मीच दिले.

टॅबवर कोलिब्री होतंच. त्याशिवाय मी एक वाचून घेणारं ॲप टाकलं. पडद्यावर गोष्ट येते, मूल मोठ्याने वाचतं, यंत्र ऐकतं. शब्द बरोबर आला तर हिरवा, नाही तर लाल. अडलं तर शब्दावर बोट ठेवायचं, ॲप तो म्हणून दाखवतं. बरोबर शब्दांना तारे. गोष्टी पारावर जाऊन एकदा उतरवून आणल्या की बिनइंटरनेटचं चालतं. पहिल्या दिवशी सहा मुलं एका खोलीत बसवली आणि फजिती झाली, एकाचं वाचन दुसऱ्याच्या टॅबला ऐकू जायचं आणि न वाचताच शब्द हिरवे व्हायचे. मग एक व्हरांड्यात, एक खिचडीच्या शेडमध्ये, एक निंबाखाली, एक कार्यालयात. शाळा लहान, पण कोपरे भरपूर निघाले.

सप्टेंबरात चौथीतली एक मुलगी सुसाट सुटली. तीनशे तारे, चारशे तारे. एरवी वाचायला उठवलं की पदराला गाठ मारावी तशी ओढणीला गाठ मारत बसणारी पोर. ऑक्टोबरात केंद्रप्रमुख भेटीला आले तेव्हा मी तिचा टॅब उघडून दाखवला. त्यांनी शेरेबुकात चार ओळी चांगल्या लिहिल्या.

त्याच काळात तिसरीतला एक मुलगा मागे पडत होता. हा तर मला बऱ्यापैकी वाचणारा वाटायचा. मी शेडमध्ये जाऊन त्याच्या मागे बसले. पडद्यावर ‘डोळे’. तो म्हणाला, “डोये.” लाल. “डोये.” लाल. त्याने टॅब तोंडाजवळ धरला आणि ओरडून सांगितलं, “डोये!” लाल. मग त्याने टॅब उलटा करून मागे काही बिघडलंय का ते पाहिलं. मग गप्प बसला. पुढच्या ओळीत ‘काळी’ होती, ती त्याने म्हटलीच नाही.

अहिराणीत ‘ळ’ चा ‘य’ होतो. केळ्याचं केयं, काळ्याचा काया, जवळचं जवय. पाण्याचं पानी तर होतंच. पहिल्या वर्षी मी प्रत्येक डोयाचा डोळा करत होते, घसा बसेपर्यंत. आठव्या वर्षी मला तो ‘य’ ऐकूच येत नव्हता. मूल डोये म्हणायचं आणि माझ्या कानात डोळे पोचायचं. तो मुलगा अक्षर ओळखत होता, अर्थ लावत होता, म्हणजे वाचतच होता, फक्त त्याच्या घरच्या तोंडाने. यंत्राने त्याला दीड महिना लाल दिवा दाखवला आणि मी अहवालात बघून त्याला कच्च्या गटात टाकलं होतं.

मग संशय आला तो दुसऱ्या बाजूने. दिवाळीची सुट्टी, निवडणुकीचं प्रशिक्षण, मतदान केंद्रावरची ड्यूटी यात नोव्हेंबर गेला. डिसेंबरच्या पहिल्या आठवड्यात मी त्या चारशे ताऱ्यांवाल्या मुलीला कोरा परिच्छेद कागदावर दिला. ती बघत राहिली. दोन शब्द लावले, तिसऱ्यावर तिचं बोट शब्दावर टेकलं आणि तिथेच थांबलं. कागद बोलेना. तेव्हा लक्षात आलं. ती प्रत्येक शब्दावर बोट ठेवायची, ॲप म्हणायचं, ती पाठोपाठ म्हणायची, शब्द हिरवा. पूर्ण गोष्टी पाठ होत्या तिला, आणि ‘ळ’ तर असा खणखणीत की पुण्याच्या बाईने म्हणावा. फक्त वाचता येत नव्हतं.

त्या दिवशी घरी जाऊन मी जेवले नाही. मुलीने फसवलं याचं वाईट वाटलं नाही, तिने तर तिच्या परीने मार्ग काढला होता. वाईट याचं की शेरेबुकात त्या चार ओळी आहेत आणि त्या खोडता येत नाहीत. पुढच्या भेटीत मी केंद्रप्रमुखांना सरळ सांगितलं. ते हसले आणि म्हणाले, “आमच्या टपालात पण असंच असतं, मॅडम.”

त्यानंतर बदल केला. टॅबवर वाचलेली गोष्ट शुक्रवारी माझ्यासमोर कागदावर वाचायची, ओळींचा क्रम उलटसुलट करून. तारे मी बघणं सोडलं. आणि भिंतीवर दोन रकाने आखले, ‘घरचं’ आणि ‘पुस्तकातलं’. डोया–डोळा, केयं–केळं, पिवया–पिवळा. मुलंच शब्द आणायला लागली. चौथ्या दिवशी तो तिसरीतला मुलगा उठून म्हणाला, “मॅडम, घरमा य, पुस्तकमा ळ.” नियम सापडला म्हणून वर्ग इतका खूश की दुसऱ्या दिवशी निबंधात एकीने लिहिलं, ‘गाळ दूध देते.’ मग ‘गाय’ घरातही गाय आणि पुस्तकातही गाय, हे सांगत बसले. तिला ते पटलं नाही. तिचं म्हणणं, एका शब्दाला वेगळा न्याय का?

एआय चॅटबॉटबद्दलही लोक विचारतात. मी तो पारावर बसून, माझ्या फोनवर, फक्त माझ्यासाठी वापरते. मुलांच्या हातात देत नाही. भागाकाराची वीस उदाहरणं मिनिटात मिळतात हे खरं. पण न सांगता मागितली तर सगळ्यांत सफरचंदं असतात. ‘शेतमजुरीचे पैसे, भुईमुगाची पोती, बकऱ्या’ असं सांगितलं की जमतं, मात्र प्रत्येक उत्तर स्वतः सोडवून बघा. एकदा बकऱ्यांची वाटणी करताना दीड बकरी उरली होती. अहिराणीत गोष्ट मागितली तर मराठीच आली, दर वाक्याच्या शेवटी ‘से’ लावलेली. वर्गात वाचून दाखवली, मुलं लोळून हसली. तेवढा उपयोग झाला.

मार्च २०२५ मध्ये पुन्हा तपासणी केली. नवी तिसरी-चौथी धरली नाही, तीच २३ मुलं धरायची तर निम्मी पाचवीला दुसऱ्या गावी गेलेली, म्हणून आकड्यांची तुलना नीट होत नाही. जी अकरा मुलं हाताशी होती त्यांतली आठ परिच्छेद वाचतात. त्यातलं टॅबचं किती, शुक्रवारच्या कागदाचं किती आणि नुसतं वय वाढल्याचं किती, ते मला वेगळं काढता येत नाही. ती ओढणीवाली शब्दांवरून परिच्छेदावर येते आहे, हळू, न बोट ठेवता.

उन्हाळ्यात टॅब ठेवताना पूर्ण चार्ज करून ठेवू नका आणि पूर्ण उतरवूनही नाही. आम्ही निम्म्यावर ठेवले, पत्र्याखाली न ठेवता कार्यालयाच्या लोखंडी कपाटात, आणि महिन्यातून एकदा सरांनी चार्ज केले.

परीक्षेच्या आदल्या आठवड्यात तो तिसरीतला मुलगा शेडमध्ये वाचत होता. मी दाराआड उभी. पडद्यावर ‘डोळे’ आलं. तो थांबला, जीभ टाळ्याला लावून तयारी केली आणि म्हणाला, “डोळे.” हिरवा. पुढची ओळ, हिरवी. गोष्ट संपली तेव्हा त्याने टॅब खाली ठेवला, दोन्ही मुठींनी डोळे चोळले आणि मला पाहून म्हणाला, “मॅडम, मना डोया दुखतस.”

घड्याळात बघितलं तर वीस मिनिटं होऊन गेली होती. ठरावातलं वाक्य त्याच्या आईने लिहून घेतलेलं. टॅब उचलून मी कपाटात ठेवला.